तीनदाबाई एकदाच सांगतात

दुसरीच्या वर्गाच्या बाईंना शाळेत सगळे तीनदाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण शिपाईसुद्धा "तीनदाबाईंच्या वर्गातला खडू संपलाय" असं बिनदिक्कत सांगायचा, तेव्हा ते नाव त्यांच्या कानावर जायला वेळ लागला नव्हता. बाईंना त्याचा राग नव्हता. नाव खोटं असतं तर रागावण्यात अर्थ होता.

बाई कोणतीही गोष्ट तीनदा सांगत. पहिल्यांदा नुसतं "वह्या काढा". मग जरा चढ्या आवाजात "वह्या काढा म्हटलं ना". आणि शेवटी "वह्याऽऽ काढा!" हे इतकं खणखणीत, की भिंतीपलीकडे पहिलीच्या वर्गातली दोनचार मुलंही दचकून वह्या काढत.

यामागे त्यांचा एक जुना विचार होता. लहानपणी त्या स्वतः वर्गात हरवलेल्या असायच्या. खिडकीबाहेर चिमणी दिसली की गणित गेलंच. मग शेजारणीला कोपर मारून "काय सांगितलं गं?" म्हणून विचारायचं आणि त्याबद्दल वेगळा ओरडा खायचा. शिक्षिका झाल्यावर त्यांनी मनाशी ठरवलं, आपल्या वर्गात असं कुणी मागे राहायला नको. ज्याचं पहिल्यांदा लक्ष नसेल त्याला दुसऱ्यांदा कळेल, ज्याचं दुसऱ्यांदाही नसेल त्याला तिसऱ्यांदा. हेतू सोन्यासारखा होता. त्या हेतूपायी बाईंनी वर्षानुवर्षं घसा झिजवला.

घरी गेल्यावरही घशाला सुटी नव्हती. सासूबाईंना ऐकू कमी यायचं. तरुणपणी त्या कापडाच्या कारखान्यात मागांवर कामाला होत्या आणि त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. नातवंडं शिकायला बाहेरगावी गेली होती, पण त्यांनी ठेवलेलं 'आजी' हे नाव शेजारीपाजारी सगळ्यांच्या तोंडी राहिलं होतं. "आई, जेवायला चला" हे बाई स्वयंपाकघरातून तीनदा सांगत, आणि तिसऱ्यांदा ते आजींखेरीज अख्ख्या इमारतीला कळे.

नवरा पार्सल कचेरीत खिडकीवर बसायचा. थट्टा केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. "परवा तू मला दारातून ओरडून लवकर या म्हणालीस ना," तो म्हणायचा, "तर खालचा शिंपी लवकर घरी आला. त्याची बायको तुझे आभार मानत होती."

"अहो, तुम्ही आला होतात का लवकर?"

"मी कुठे ऐकलं?"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी सकाळी बाई उठल्या आणि त्यांच्या तोंडून आवाजच निघेना. निघाला तो गंजलेल्या बिजागरीसारखा.

घशाच्या डॉक्टरांनी बारीक दांडीचा आरसा घशात घालून नीट बघितलं.

"स्वरयंत्रावर गाठी आल्यात, दाण्याएवढ्या. आवाज तुम्ही नुसता उधळलात. आता जपायचा. ओरडायचं नाही, आणि कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण पडतो. हळू, साधं आणि गरजेपुरतं बोलायचं."

"डॉक्टर, मी दुसरीला शिकवते."

"मग?"

"तिथे गरजेपुरतं म्हणजे दिवसभर."

डॉक्टर हसले, पण सवलत काही दिली नाही. तसंच ओरडत राहिलात तर बोलायचीच पंचाईत होईल, मग शिकवणं दूरच, असं सांगून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी घेऊन बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. मुख्याध्यापक मनाने चांगले होते. फक्त ते कधी एका जागी उभे राहून बोलत नसत. हातात किल्ल्यांचा जुडगा, खिशात वाजणारा फोन, आणि बोलणाऱ्याला त्यांच्या मागे अर्धवट पळत जावं लागे.

"अरे अरे अरे," जिन्याकडे जाता जाता चिठ्ठी वाचून ते म्हणाले. "काळजी करू नका. ग्रंथालय रिकामंच आहे. हे सत्र संपलं की तुम्ही तिकडे. शांत जागा, घशाला आराम. दुसरीचा वर्ग शिट्टीसर घेतील. काय आवाज आहे त्यांचा!"

शिट्टीसर म्हणजे कवायतीचे सर. गळ्यात शिट्टी आणि छातीत त्याहून मोठी शिट्टी.

"सर, पण मला वर्गच..."

मुख्याध्यापक तोवर चार पायऱ्या वर गेले होते. तिथून ते वळले. "बरं, असं करू. पालकदिनाला मी येऊन बसतो वर्गात. तुमच्या या एवढ्याशा आवाजात मुलं ऐकतायत असं दिसलं तर वर्ग तुमचा. नाहीतर तिथेच पालकांना सांगून टाकतो." आणि ते वरच्या मजल्यावर नाहीसे झाले.

ग्रंथालयात वाईट काही नव्हतं. चांगली उजेडाची खोली होती. पण तिथे मूल आठवड्यातून एकदा यायचं, पुस्तक ठेवायचं, दुसरं न्यायचं. दुसरीच्या वर्गात जे घडतं ते तिथे घडत नाही. दुसरीत एखादं मूल महिनोन् महिने अक्षराला अक्षर लावत बसतं, आणि मग एके दिवशी शाळेत येताना रस्त्यावरच्या दुकानाची पाटी त्याला आपोआप वाचता येते. ते धावत येऊन आधी बाईंना सांगतं, "बाई, तिथे 'पंक्चर काढून मिळेल' लिहिलंय!" ही बातमी पहिल्यांदा ऐकण्याचा मान बाईंना कशाच्याही बदल्यात सोडायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या वर्गात उभ्या राहिल्या आणि हळू, साध्या आवाजात म्हणाल्या, "वह्या काढा."

पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत कुणी हललं नाही. कुणी खोडरबर कुरतडत होतं, कुणी शेजाऱ्याच्या बुटाची नाडी मोजत होतं. बाई थांबल्या. मुलंही थांबली. दोन्ही बाजू एकमेकींची वाट बघत बसल्या.

पहिल्या बाकावर एक मुलगी होती, तिला सगळे भिरभिरी म्हणत. ती एका जागी बसली तर तिच्या आईने तिला ताप आलाय का म्हणून हात लावून बघितलं असतं. बाई तिच्याजवळ गेल्या.

"मी काय सांगितलं?"

"वह्या काढा," भिरभिरी म्हणाली.

"म्हणजे ऐकलंस?"

"हो."

"मग काढली का नाहीस?"

भिरभिरीला या प्रश्नाचं नवल वाटलं. "बाई, अजून दोनदा राहिलंय ना!"

बाईंना काही कळेना. तेव्हा भिरभिरीने त्यांना समजावून सांगितलं, जसं बाई तिला हातच्याची बेरीज समजावून सांगत तसं. "पहिल्यांदा तुम्ही नुसतं सांगता. दुसऱ्यांदा आठवण करता. तिसऱ्यांदा ते खरं असतं."

"आणि तिसऱ्यांदा तुमची मान लाल होते," मागच्या बाकावरून एकाने भर घातली. "ती झाली की काढायची."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांना हसू आलं, आणि मोठा आवाज काढायची बंदी असल्यामुळे ते नुसतं पोटात गदगदत राहिलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या. कुणी मागे राहू नये म्हणून त्या तीनदा सांगत आल्या आणि मुलांनी त्यातून सरळ हिशेब काढला होता, पहिल्या दोन वेळा ऐकायचं कारण नाही. मुलं बेशिस्त नव्हतीच. बाईंनी शिकवलं ते ती चोख शिकली होती.

पण हसून झाल्यावर खरी अडचण समोर आली. तीनदा सांगायला आता आवाज नव्हता, आणि पालकदिन काही लांब नव्हता.

मग त्यांनी उपाय सुरू केले. आधी टेबलावर ठेवायची घंटी आणली. घंटी वाजली की सगळ्यांनी बाईंकडे बघायचं. पण मुलं घंटीकडे बघू लागली. ती कुणी वाजवायची यावरून मधल्या सुटीत दोघांची जुंपली, आणि तिचं बटण कुणीतरी चिकटवून ठेवलं.

नंतर त्यांनी शिट्टीसरांची शिट्टी मागून घेतली. "घ्या की बाई," सर उदार मनाने म्हणाले. "एकदा फुंकली की पाखरंसुद्धा रांगेत बसतात."

बाईंनी वर्गात येऊन शिट्टी फुंकली. पुढच्या क्षणाला अख्खा वर्ग उठला, दारातून बाहेर पडला, जिना उतरला आणि मैदानावर उंचीप्रमाणे रांगेत उभा राहिला. शिट्टीचा अर्थ मुलांना एकच माहीत होता आणि तो त्यांनी पुरा पाळला. बाई हातात शिट्टी घेऊन रिकाम्या वर्गात उभ्या राहिल्या. खालून शिट्टीसर ओरडले, "बाई, यांना पाठवलंत कशाला?"

त्या दिवशी बाई घरी गेल्या त्या पाय ओढत. आजी खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. बाईंनी पिशवी ठेवली, त्यांच्यासमोर स्टुलावर बसल्या आणि कपाळाला हात लावून हळू आवाजात म्हणाल्या, "आई, आज मुलं शिट्टीवर पळून गेली."

त्या बोलल्या त्या स्वतःशीच. एवढ्या हळू आवाजातलं आजींना कळेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती.

"कुठे पळाली?" आजी म्हणाल्या.

बाईंनी मान वर केली. "तुम्हाला ऐकू आलं?"

"ऐकू कुठलं यायला! दिसलं." आजींनी शेंग फोडली. "तू आताशा बरी बोलतेस. समोर बसतेस, तोंड माझ्याकडे करतेस. आधी स्वयंपाकघरातून किंचाळायचीस. तोंड दिसायचं नाही, आणि समोर येऊन किंचाळलीस तर ते असं वाकडं व्हायचं," त्यांनी ते करून दाखवलं, "की मला वाटायचं, हिला दाढदुखी आहे."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत कधी?"

"सांगितलं की. तू ओरडत होतीस, तुला ऐकू गेलं नसेल."

आत नवरा चहा गाळत होता, त्याच्या हातून गाळणं पडलं. तो हसत बाहेर आला. बाईंनाही हसू आवरेना.

मग आजींनी मागांच्या खात्यातली हकिगत सांगितली. ती घरात पूर्वीही सांगून झाली होती, पण बाईंनी ती नेहमी काहीतरी परतता परतता ऐकली होती. त्या खोलीत इतका खडखडाट असायचा की शेजारी उभं राहून ओरडलं तरी उपयोग नव्हता. म्हणून तिथल्या बायका ओरडतच नसत. सगळं बोलणं तोंडाच्या हालचालीवर चाले. बोलायचं तर आधी समोरचीची नजर आपल्याकडे येईपर्यंत थांबायचं. मग उजेडाकडे तोंड करून सावकाश बोलायचं. आणि ऐकणारीने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं, की चुकलं तर तिथेच कळावं.

"का?" बाईंनी विचारलं.

"अगं, समोर माग चालू! कुणी 'थांब' म्हणालं आणि मी 'चालव' समजले, तर बोटं जायची कुणाची? म्हणून परत बोलायचं. आम्ही चार मागांपलीकडे विनोद सांगायचो. आणि एक सांगते, तिथे मधेच तोंड घालायला कुणाला यायचंच नाही. एकाच वेळी दोघींच्या तोंडाकडे कसं बघणार?"

"हे म्हणजे आमच्या खिडकीसारखंच," नवरा म्हणाला. "पार्सल दिलं म्हणजे काम झालं असं नाही. घेणाऱ्याने पोच दिली पाहिजे. पोच नाही तर माल पोहोचला असं आम्ही मानतच नाही. तू आपली रोज तीन-तीन पार्सलं पाठवतेस, पोच एकाचीही घेत नाहीस."

बाईंनी शेंगांचं टोपलं मांडीवर ओढलं आणि सोलायला लागल्या. बराच वेळ सोलत राहिल्या, आणि विचारांच्या नादात सोललेले दाणे परत टोपल्यात टाकून टरफलं दाण्यांच्या भांड्यात टाकली.

"आई," शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर शाळेत याल?"

"शाळेत?" आजी सावरून बसल्या. "उद्या शाळेत यायचं. तुझ्या वर्गात. असंच ना?"

ही पोच होती. बाईंनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी आजी इस्त्रीचे कपडे घालून, केस चापूनचोपून बसवून वर्गात आल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'या आजींना कानांनी ऐकू येत नाही. त्या डोळ्यांनी ऐकतात.' मुलांनी ते वाचलं आणि वर्गात कधी नव्हे ती शांतता पसरली. डोळ्यांनी ऐकणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

भिरभिरी सगळ्यात आधी उठली. आजींसमोर जाऊन तिने एका दमात आपल्या मांजराची कथा सांगायला सुरुवात केली, पण सांगता सांगता ती खिडकीकडे वळली, मग दाराकडे, मग एक गिरकी घेतली.

"थांब, थांब," आजी म्हणाल्या. "तुझं मांजर खिडकीत आलं तोवर दिसलं. मग तू पाठ फिरवलीस आणि मांजर गेलं."

वर्ग हसला. भिरभिरीने हात मागे बांधले, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले, आजींच्या डोळ्यांत बघत पहिल्यापासून सांगितलं. आजींनी सगळं परत सांगितलं, "तुझं मांजर काळं आहे, ते कपाटावर चढतं आणि तुझ्या बाबांच्या टोपीत झोपतं. असंच ना?"

"काळं नाही, करडं!"

"करडं. असंच ना?"

"असंच!" भिरभिरी इतकी खूश झाली की उडी मारून परत जागेवर गेली. आपलं बोलणं कुणीतरी पुरं ऐकलं, त्यातला मांजराचा रंगसुद्धा दुरुस्त करून घेतला, हे सुख तिला नवीन होतं. मग तर रांगच लागली. प्रत्येकाला आजींना काहीतरी सांगायचं होतं, आणि सांगायचं तर नीट उभं राहायला हवं होतं.

त्या दिवसापासून वर्गाची रीत बदलली. बाई एकदाच सांगत. सांगण्याआधी मात्र सगळ्यांचे डोळे आपल्याकडे येईपर्यंत थांबत. मग कुणाकडेही बोट दाखवत आणि त्याने पोच द्यायची. पहिल्या दिवसांत पोच द्यायला उठलेली मुलं नुसतीच उभी राहत. बाई रागावत नसत, पण पुन्हा सांगतही नसत. मग शेजारचा सांगे, उभा असलेला ते परत बोले आणि बसे. हळूहळू मुलांना ही चढाओढच वाटू लागली. पुढे बाईंनी नियम वाढवला, वर्गात कुणी काही सांगितलं की पुढच्याने आधी त्याची पोच द्यायची, मगच आपलं बोलायचं.

आठवड्यातून एकदा आजी येत आणि त्या दिवशी 'मागांचा खेळ' असे. अर्धा वर्ग खटक-खटाक, खटक-खटाक करत मागांचा आवाज काढी. उरलेल्यांनी त्या गोंगाटात खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसत्या तोंडाने निरोप पोहोचवायचा. मुलं एकमेकांच्या तोंडाकडे अशी टक लावून बघत की डोळ्यांची पापणी लवत नसे. आजींचं नाव लगेच खटखटआजी पडलं.

सगळंच काही जमत होतं असं नाही. एक मुलगा पोच अचूक द्यायचा पण काम काहीच करायचा नाही. पावसाळी दुपारी, किंवा खाली कवायत चालू असली की, निम्मा वर्ग खिडकीला चिकटलेला असे. आणि एकदा ऐन खटखटाटात मुख्याध्यापक दारावरून गेले.

"हे काय चाललंय, बाई?" ते दारातूनच ओरडले.

"लक्ष देण्याचा सराव, सर."

मुख्याध्यापकांनी कानावर हात ठेवला. "लक्ष? या गोंधळात?" बाई पुढे काही बोलायच्या आत त्यांचा फोन वाजला. जाता जाता ते व्हरांड्यातल्या शिट्टीसरांना जे म्हणाले ते बाईंना नीट दिसलं. आता बाईंनाही तोंडं वाचता येऊ लागली होती. ते म्हणाले होते, "तुम्ही तयारीत राहा."

पालकदिनाला पालक आले आणि वर्गाच्या मागच्या बाजूला मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. भिरभिरीचे बाबा बेकरीत रात्रपाळी करून थेट आले होते. त्यांच्या केसांत अजून पीठ होतं. आजी आपल्या खिडकीशी. मुख्याध्यापक दाराशी, एक पाय आत आणि एक बाहेर. शिट्टीसर त्यांच्या शेजारी, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा.

बाई उभ्या राहिल्या. मागे पालकांची कुजबुज चालू होती. बाई थांबल्या. सगळी मुलं त्यांच्याकडे बघत होती, पालक मुलांच्या पाठी बघत होते. अख्ख्या वर्गात एकही पाठ हलत नाही, हे एकेकाच्या लक्षात यायला लागलं आणि कुजबुज आपोआप विरली.

"आज प्रत्येकाने आपल्या घरातला एक आवाज सांगायचा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. एकदाच.

"ऐकू नाही आलं!" मागून एक काका म्हणाले.

शेवटच्या बाकावरचा मुलगा मागे वळला आणि त्याने काकांना शब्दन् शब्द सांगितला. मग म्हणाला, "पुढच्या वेळी आधी बघा."

एकेक जण उठू लागला. कुणी आजोबांच्या खोकल्याचा आवाज सांगितला. पुढच्याने त्या खोकल्याची पोच देऊन आपल्या घरच्या गळक्या नळाचा. त्याच्या पुढचीने नळाची पोच देऊन शिवणयंत्राचा. मग भिरभिरी उठली. शिवणयंत्राची पोच तिने दिली, आई गाणं गुणगुणते तेव्हा यंत्र हळू चालतं, हे बारकंसं सुद्धा तिने सोडलं नाही. मग पाय जमिनीला टेकवून तिने आपलं सांगितलं.

"माझे बाबा पहाटे कामावरून येतात. ते किल्ल्या टेबलावर ठेवत नाहीत. आधी टेबलावर रुमाल ठेवतात आणि त्याच्यावर किल्ल्या ठेवतात, म्हणजे मी उठू नये. पण मी जागीच असते. किल्ल्यांचा बारीक आवाज येतो. मी डोळे उघडत नाही, म्हणजे बाबांना वाटेल, आवाज झालाच नाही."

मागे बुटक्या खुर्चीवर भिरभिरीचे बाबा दोन्ही हातांनी केसांतलं पीठ झटकू लागले, आणि ते पीठ डोळ्यांत गेल्यासारखं डोळे पुसू लागले.

मुख्याध्यापकांना वाटलं, संपलं. ते फोन खिशात टाकत टेबलाशी आले आणि घसा साफ करून म्हणाले, "पालकहो, या वर्गाबाबत मला एक महत्त्वाची सूचना..."



पण मुलं गप्प होती. नुसती गप्प नव्हती, सगळ्यांचे डोळे मुख्याध्यापकांच्या तोंडावर होते आणि सगळी कशाची तरी वाट बघत होती. मुख्याध्यापक अडखळले. त्यांच्याकडे इतक्या डोळ्यांनी एकाच वेळी कुणी कधी बघितलं नव्हतं. ते बघणार तरी कसं, ते नेहमी चालत असत.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सर, आधी पोच," भिरभिरी म्हणाली.

"कसली पोच?"

"तिचं काय ऐकलंत ते सांगा!" खिडकीतून आजी म्हणाल्या. त्यांना वाटलं आपण हळू बोललो, पण ते मैदानापर्यंत गेलं. "आमच्याकडे त्याशिवाय पुढे बोलता येत नाही!"

पालकांमध्ये हशा उसळला. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर राग येतोय की काय असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी एकदा फोनच्या खिशाकडे आणि एकदा भिरभिरीकडे बघितलं.

"बाळ," ते म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

"मग परत सांगते," भिरभिरी म्हणाली. "पण एकदाच हं!"

मुख्याध्यापकांना तिने समोरच्या रिकाम्या बाकावर बसायची खूण केली. ते बसले. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी बाकावर ठेवला, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तो उचलून खिशातला रुमाल आधी खाली घातला. म्हणजे कानावर काहीतरी पडलं होतं. भिरभिरीने सगळं पुन्हा सांगितलं. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. शाळेतल्या कुणी त्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"तुझे बाबा पहाटे येतात," ते सावकाश म्हणाले. "रुमालावर किल्ल्या ठेवतात, तू उठू नयेस म्हणून. तू जागी असतेस, पण त्यांना वाईट वाटू नये म्हणून झोपल्याचं सोंग करतेस. असंच ना?"

"वाईट वाटू नये असं मी म्हणाले नाही," भिरभिरी म्हणाली. मग तिने विचार केला. "पण असंच."

"मग आता मी बोलू?"

"बोला."

मुख्याध्यापक उठले. पालकांकडे बघितलं, मुलांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं.

"मी एक सूचना सांगणार होतो," ते म्हणाले. "ती रद्द. पुढच्या सत्रातही दुसरीचा वर्ग याच बाईंकडे राहील. आणि बाई, एक विनंती. शिक्षकांच्या बैठकीला पुढच्या वेळी खटखटआजींना घेऊन या. तिथे मी सोडून कुणी ऐकत नाही, असं मला आजवर वाटत होतं."

शिट्टीसरांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की गळ्यातली शिट्टी हलली. "बरं झालं बाई," ते बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले. "गेल्या वर्षी एक तास यांच्यावर होतो तर माझ्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवल्या होत्या."

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा बाई दारातच उभ्या होत्या. त्याने पिशवी खाली ठेवली आणि थट्टा करायला तोंड उघडलं, पण बाईंचा चेहरा बघून मिटलं. समोर उभा राहिला, उजेडाकडे तोंड येईल असा.

"वर्ग राहिला," बाई म्हणाल्या.

"वर्ग राहिला," नवरा म्हणाला. "तुझ्याकडे. असंच ना?"

बाईंनी मान डोलावली. मग आत जाऊन त्यांनी तेच आजींना सांगितलं. आजी वर्गात हजर होत्या, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं, तरी त्यांनी शेंगांचं टोपलं बाजूला ठेवून, नीट तोंडाकडे बघत ते पुन्हा ऐकून घेतलं. आणि तोंड धुताना आरशात बघून बाईंनी ते आणखी एकदा, स्वतःलाच सांगितलं.

एवढी एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली. पण तिन्ही वेळा हळूच.